आवाज येता कामा नये

वहिनींनी नवा कॉम्प्युटर हवा म्हणून सांगितलं, तेव्हा अधीक्षकांनी आधी चष्मा पुसला, मग खणातून एक कोरी फाइल काढली आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'घर / संगणक / १'.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"फाइल."

"ते दिसतंय. पण कॉम्प्युटर दुकानात मिळतो ना?"

"मिळतो. पण तो का घेतला, कसा घेतला आणि हाच का घेतला, हे दुकानात मिळत नाही," असं म्हणून अधीक्षक फाइलीला नाडी बांधायला लागले.

अधीक्षक एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी शाखेतून निवृत्त झाले होते, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. निरोपाची भाषणं झाली, खुर्ची दुसऱ्याला मिळाली, पण त्यांच्यातली खरेदी शाखा काही बंद पडली नाही. इमारतीत सगळे त्यांना अजून अधीक्षकच म्हणत आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. कार्यालयात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'मुद्देसूद' म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण कानावर आल्यावर अधीक्षकांना बरंच वाटलं होतं. तेहतीस वर्षांत त्यांच्या एकाही मसुद्याला शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. शुद्धिपत्रक म्हणजे 'आम्ही आधी लिहिलं ते चुकलं, आता असं वाचा' असं चारचौघांत सांगणारा कागद. इतरांची निघायची. एका साहेबांच्या तर शुद्धिपत्रकाचंच शुद्धिपत्रक निघालं होतं. अधीक्षकांचं एकही नाही. लोक मुलाबाळांचं कौतुक सांगतात, अधीक्षक हे सांगत.

आता वहिनींना कॉम्प्युटर कशाला हवा होता, ते. वहिनींच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्कांची, नजर काही वर्षांपूर्वी गेली. अक्का दोन रस्ते पलीकडे राहायच्या. रोज संध्याकाळी दोन्ही घरांत एकच मालिका लावलेली असायची, अक्का कानाला फोन लावून बसायच्या, आणि पडद्यावर जे बोललं जात नाही तेवढं वहिनी त्यांना सांगायच्या. 'सासरा आत आला. पाकीट उशीखाली ठेवलं. धाकटीनं पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवतेय.' पात्रं बोलायला लागली की वहिनी गप्प, पात्रं गप्प झाली की वहिनी सुरू. या उद्योगाला चित्रवर्णन असं भारदस्त नाव आहे आणि अंध लोकांसाठी सिनेमांची चित्रवर्णनं करून घेणारी एक संस्थाही आहे, हे वहिनींना अलीकडेच कळलं. सिनेमा कॉम्प्युटरवर घ्यायचा, संवादांच्या मधल्या फटी शोधायच्या आणि तेवढ्या फटींत आपला आवाज नेमका बसवायचा. वहिनी ते शिकल्या. जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटांचा नमुना करून त्यांनी पाठवूनही दिला.

संस्थेचं उत्तर आलं : 'वर्णन फार छान. आवाज सुरेख. परंतु मागे सतत घरघर ऐकू येते. आपण गिरणीशेजारी राहता का? महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्वच्छ नमुना पाठवल्यास विचार करू. त्यानंतर निवड बंद होईल.'

घरघर लॅपटॉपच्या पंख्याची होती. सिनेमा लावला की लॅपटॉप तापायचा आणि तापला की जीव खाऊन पंखा फिरवायचा. पण वहिनींचं लक्ष घरघरीकडे नव्हतं. आपल्या कुठल्या कामाला कोणा परक्या माणसानं सुरेख म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते उत्तर त्यांनी चार वेळा वाचलं, अक्कांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं. त्यांना हे काम हवं होतं. संसारात त्यांनी पुष्कळ गोष्टी 'असल्या तर बऱ्या' म्हणून मागितल्या होत्या. ही तशी नव्हती.

अधीक्षकांच्या पद्धतीनुसार आधी वहिनींना मागणीपत्र भरावं लागलं. 'सदर वस्तूची गरज काय?' या रकान्यात वहिनींनी लिहिलं, 'आवाज आणि चित्र कापण्याजोडण्यासाठी.' कागद शेऱ्यासह परत आला : 'कापणे आणि जोडणे या परस्परविरोधी क्रिया आहेत. खुलासा करावा.' वहिनींनी खुलासा तोंडी केला. तो स्वयंपाकघरातून केल्यामुळे शेजाऱ्यांनाही समजला.

त्यामुळेच वरच्या मजल्यावरचे शूटिंगवाले खाली आले. लग्नसमारंभांचे व्हिडिओ काढण्यात त्यांची हयात गेली होती आणि दुसऱ्याला मशीन घेऊन देण्यासारखं सुख त्यांना कशातच नव्हतं. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली.

"अधीक्षकसाहेब, एक लक्षात ठेवा. प्रोसेसर म्हणजे डोकं, रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. डोकं कितीही चांगलं असलं तरी टेबल लहान असेल तर माणूस काय काम करणार?"

अधीक्षकांना हे फार पटलं. त्यांचं टेबल कार्यालयात कायम लहान होतं आणि त्याबद्दल त्यांनी अकरा पत्रं लिहिली होती. त्यांनी लगेच नोंद केली : 'रॅम भरपूर असावी.'

"ग्राफिक कार्ड दणदणीत घ्या. नाहीतर रेंडरला मराल."

"रेंडर म्हणजे?"

"म्हणजे आपलं काम सगळं संपलेलं असतं, आता फक्त वाट बघायची."

"आणि मशीन त्या वेळात काय करतं?"

"ते आपल्याला सांगत नाही. शंभर टक्क्यांकडे चाललंय एवढंच दाखवतं. नव्याण्णववर येऊन बसतं कधीकधी."

अधीक्षकांनी मान डोलावली. त्यांच्या आधीच्या कार्यालयात सगळंच नव्याण्णववर येऊन बसायचं. कॉम्प्युटर ही गोष्ट आपल्याला वाटली तितकी परकी नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं आणि त्या भरात त्यांनी शूटिंगवाल्यांना चहा दिला. चहा घेताना शूटिंगवाल्यांनी दोन पडदे, तीन डिस्क आणि एक असं कार्ड सुचवलं, की ज्यावर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लढाईचे सिनेमे बनतात. वहिनींचा नमुना एका गृहस्थाच्या चहा पिण्याचा होता. दहा मिनिटांत तो दोनदा खिडकीपाशी जायचा, बस्स.

मग परगावच्या जावयाचा फोन आला. जावई कॉम्प्युटरमध्येच नोकरीला होते. त्यांनी शूटिंगवाल्यांची यादी ऐकली आणि ते हळूच म्हणाले, "बाबा, एवढं नकोय. आईंना मधलं मशीन पुरेल. रॅम चांगली, डिस्क वेगवान, आणि मुख्य म्हणजे शांत पाहिजे. पंखा मोठा आणि हळू फिरणारा. बाकीचं सोडा."

जावई म्हणजे घरातलाच माणूस, त्यामुळे त्याचं लगेच ऐकण्यात कमीपणा येतो. अधीक्षकांनी दोन्ही सल्ले शेजारी शेजारी मांडून तौलनिक तक्ता केला, तो तीन दिवस वाचला आणि शेवटी जावयांचं म्हणणं स्वतःचं म्हणून मंजूर केलं.

आता मसुदा लिहायचा होता. अधीक्षकांना एक गोष्ट मनात कबूल होती, की बारा मुद्द्यांपैकी दहा मुद्दे त्यांना कळलेले नाहीत. रॅमचा आकडा जावयांचा, डिस्कचा आकडा जावयांचा. अकरावा मुद्दा तेवढा जुन्या कार्यालयाचा, जसाच्या तसा : 'पुरवठादाराखेरीज अन्य कोणीही यंत्रास कोणताही भाग जोडू नये, जोडल्यास हमी रद्द समजावी.' पण सातवा मुद्दा त्यांचा स्वतःचा होता. आवाज म्हणजे काय, हे कळायला जावई लागत नाहीत. तो मुद्दा त्यांनी सकाळी आंघोळ करून, दार लोटून लिहिला :

'७. सदर यंत्र चालू अवस्थेत असताना त्यातून कोणत्याही प्रकारचा, कोणत्याही कारणास्तव, लहान अथवा मोठा आवाज बाहेर येता कामा नये. आल्यास यंत्र नाकारण्यात येईल.'

वहिनींनी वाचलं. "पंख्याचा आवाज, असं लिहा ना."

"पंख्याचा लिहिलं, तर बाकीचा आलेला चालेल असा अर्थ निघतो."

"बाकीचा यायलाच हवा ना पण?"

"तू भाषेत शिरू नकोस," अधीक्षक म्हणाले. "मसुदा हा माझा प्रांत आहे."

वहिनींनी कागद परत दिला. त्यांना कणीक मळायची होती.

मसुदा तीन दुकानांना गेला. एकानं उत्तर दिलं नाही, दुसऱ्यानं फोनवर हसून घेतलं, तिसऱ्यानं 'अटी मान्य' असं लिहून सहीशिक्क्यानिशी कागद परत पाठवला. या तिसऱ्या दुकानदाराची आणि अधीक्षकांची जुनी ओळख होती. कित्येक वर्षांपूर्वी त्यानं अधीक्षकांच्या कार्यालयाला चाळीस प्रिंटर पुरवले होते. मागणीत लिहिलं होतं, रंग काळा. प्रिंटर आले ते गडद करडे. दुकानदारानं हातापाया पडून सांगितलं, की साहेब, कंपनी यालाच काळा म्हणते. अधीक्षक प्रिंटर खिडकीपाशी उजेडात घेऊन गेले, पाच मिनिटं पाहत राहिले आणि त्यांनी चाळीसच्या चाळीस परत पाठवले. त्या दिवसापासून दुकानदार अधीक्षकांचा कागद एक एक अक्षर बोट ठेवून वाचत असे.

त्याचा फोन आला. "साहेब, सात नंबर जसा लिहिलाय तसाच करायचा ना? नक्की?"

"अक्षरशः," अधीक्षक म्हणाले.

"कोणत्याही कारणास्तव नाही?"

"कोणत्याही."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग दुकानदार म्हणाला, "जरा वेगळं पडेल काम, पण करतो."

अधीक्षक खूश झाले. लेखी काम असलं की माणसं कशी वठणीवर येतात, यावर त्यांनी वहिनींना एक छोटंसं व्याख्यान दिलं. शिवाय जुना लॅपटॉप 'निर्लेखित' केला, म्हणजे रीतसर टाकाऊ ठरवला, आणि अदलाबदलीत देऊन टाकला. दोन पंखे एका घरात नकोत, असं ते म्हणाले.

महिनाअखेरच्या बुधवारी यंत्र आलं. काळं होतं. अधीक्षकांनी तेही खिडकीपाशी नेऊन पाहिलं. दुकानदारानं सगळं जोडलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. अधीक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला, फॅन बंद केला, वहिनींना श्वास रोखून धरायला सांगितलं आणि यंत्राला कान लावला. एक मिनिट. दोन मिनिटं. वहिनी खोकल्या, त्यामुळे चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

"काहीच नाही," अधीक्षक उठून म्हणाले. 'मुद्दा ७ ची पूर्तता अत्यंत समाधानकारक' असं लिहून त्यांनी सही केली. दुकानदारानं तो कागद दोनदा घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि चहाला न थांबता तो निघून गेला.

वहिनींनी सिनेमा लावला. पडद्यावरच्या गृहस्थानं कप उचलला, बायकोकडे पाहिलं आणि तोंड हलवलं. बायकोनंही तोंड हलवलं. मग दोघं तोंडं हलवतच राहिली.

"आवाज वाढव," अधीक्षक म्हणाले.

"वाढवलाय."

"हेडफोन लाव."

वहिनी हेडफोनची पिन घेऊन टेबलामागे गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. "अहो," त्या आतून म्हणाल्या, "भोकं बुजवलीत."

खरोखरच बुजवली होती. जिथे हेडफोन आणि स्पीकर जोडायचे, तिथल्या तिन्ही गोल भोकांत काळ्या रंगाच्या चकत्या बसवल्या होत्या, इतक्या सुबक की बोटालासुद्धा लागत नव्हत्या. पडदाही मुद्दाम स्पीकर नसलेलाच दिला होता. वरच्या कोपऱ्यात आवाजाच्या खुणेवर लाल फुली होती आणि तिच्यावर बोट ठेवलं की कॉम्प्युटर पासवर्ड विचारत होता. वहिनींनी माइक जोडून पाहिला. तो कीबोर्डशेजारच्या भोकात बसला, कारण टंकलेखनाबद्दल मसुद्यात कसलीही मनाई नव्हती. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून त्या माइकमध्ये "हॅलो" म्हणाल्या, तर पडद्यावर हिरवी रेघ नाचली. म्हणजे आत जाणारा आवाज जात होता, बाहेर येणारा येत नव्हता.

वहिनी टेबलामागून बाहेर आल्या. "हे तुमच्या सात नंबरमुळे तर नाही ना?"

अधीक्षकांना ते भोकं पाहिल्याक्षणीच कळलं होतं. पण ते म्हणाले, "छे. यंत्रात दोष आहे." तेहतीस वर्षांच्या नोकरीत ते असं धडधडीत खोटं एकदाही बोलले नव्हते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या काही बोलणार, इतक्यात इमारतीच्या खालच्या दाराची बेल वाजली. नमुना पहिल्यांदा ऐकायचा मान अक्कांचा, म्हणून त्या शनिवारपर्यंत राहायलाच आल्या होत्या. वहिनी त्यांचा हात धरून आणायला जिन्यात गेल्या.

तेवढ्या वेळात अधीक्षकांनी यंत्रासमोर उभं राहून दुकानदाराला फोन लावला. फोन चांगला दहा मिनिटं चालला, कारण अक्कांना जिना चढायला वेळ लागायचा आणि दर मजल्यावर बोलायलाही. दुकानदाराचं म्हणणं एकच होतं आणि ते तो फार अदबीनं सांगत होता. "साहेब, तुम्ही लिहिलंत त्याबाहेर मी जाणार नाही. मला प्रिंटर आठवतात. आवाज हवा असेल तर लेखी द्या. शुद्धिपत्रक काढा, मी पाच मिनिटांत येतो." अधीक्षकांनी शुद्धिपत्रक हा शब्द पुन्हा एकदा ऐकला आणि फोन ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी शूटिंगवाले पुन्हा आले. चकत्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "काम मात्र सफाईचं केलंय हो." मग म्हणाले, "पण वहिनी, काळजी कशाला? बाहेरून जोडायचं एक बोटाएवढं साउंड कार्ड येतं. माझ्याकडे पडलंय. आत्ता आणतो."

"मुद्दा अकरा," अधीक्षक म्हणाले.

"काय?"

"पुरवठादाराखेरीज अन्य कोणीही कोणताही भाग जोडू नये. हमी जाते."

"अहो, पण हमी घेऊन काय करायचंय? ऐकू येत नाहीये."

"दोष पुरवठादाराचा आहे. दुरुस्ती त्यानंच करायची. मी त्याच्या मागे लागलोय," अधीक्षक म्हणाले आणि खुर्ची आणून कॉम्प्युटरच्या पाठीमागे बसले. शूटिंगवाल्यांनी वहिनींना आपलं स्वतःचं मशीन देऊ केलं असतं, पण त्यांचं एक रेंडर सोमवारपर्यंत चालू होतं. जावयांनी फोनवर यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते केलं. पडद्यावरच्या गृहस्थानं पुन्हा चहा घेतला आणि पुन्हा तोंड हलवलं.

वहिनी तरीही बसल्या. ओठ हलायचे थांबले की फट, ओठ हलले की संवाद, असं नुसत्या डोळ्यांनी मोजत त्या वर्णन बसवत राहिल्या. शेजारी अक्का. सिनेमा जुना होता, अक्कांनी तो दिसत होतं तेव्हा पाहिला होता, त्यामुळे त्या आठवून आठवून सांगायच्या, "इथे ती म्हणते, साखर संपली. मग तो काहीतरी लांबलचक बोलतो बघ." एकीला दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं, दुसरीला ऐकू येत होतं पण ऐकायला काही नव्हतं. दोघी मिळून दिवसभरात दीड मिनिट पुढे सरकल्या.

शुक्रवारी दुपारी अधीक्षक पाणी प्यायला उठले, तेव्हा वहिनी पत्र लिहीत होत्या. पडद्यावर दोनच ओळी होत्या. 'दिलेल्या मुदतीत नमुना देणे मला जमणार नाही. आपण माझ्या आवाजाला सुरेख म्हणालात, त्याबद्दल आभार.'

मुद्दे नव्हते. क्रमांक नव्हते. कारणसुद्धा दिलेलं नव्हतं, आणि ज्याचं नाव द्यायला हवं होतं त्याचं नाव नव्हतं. अधीक्षकांनी आयुष्यात हजारो पत्रं वाचली होती, पण एवढी लाज त्यांना कुठल्याही पत्रानं आणली नव्हती.

"पाठवू नकोस," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत थांब."

"काय होणारे उद्या सकाळी?"

"थांब म्हटलं ना."

शनिवारी सकाळी त्यांनी दार लोटून कागद पुढे घेतला. 'शुद्धिपत्रक' हा मथळा लिहायलाच पाऊण तास गेला. मधेच 'दिलगिरी' मधली पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, अशी शंका आली. हा शब्द त्यांनी इतरांच्या पत्रांत पाहिला होता, स्वतः कधी वापरला नव्हता. शेवटी कागद झाला :

'मुद्दा क्र. ७ मधील "आवाज" या शब्दाऐवजी "पंख्याचा आवाज" असे वाचावे. अन्य आवाज अवश्य यावा. चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे. दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.'

तो घेऊन ते स्वतः दुकानात गेले. दुकानदारानं तो बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला आणि त्यावर 'मिळाले'चा शिक्का मारला. चाळीस प्रिंटरांचा हिशेब त्या शिक्क्यात मिटला असावा, कारण त्यानंतर तो एकदम माणसासारखा बोलायला लागला.

"प्रत वहिनींना द्यायची ना साहेब? मागणी त्यांची आहे."

"प्रत कोणालाही नको," अधीक्षक म्हणाले, आणि शिक्क्याची प्रत घडी घालून त्यांनी मुठीत धरली.

अकराच्या सुमारास दुकानदार घरी आला. त्यानं पासवर्ड टाकून लाल फुली घालवली आणि टोकदार चिमट्यानं एकेक चकती काढली. शूटिंगवाले बघायला उभे होते. अक्का खुर्चीत सावरून बसल्या होत्या. स्पीकर जोडले गेले.

नमुना पाचाच्या आत गेला आणि पुढे तो पसंतही पडला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कारण यानंतर खोलीत जे झालं, त्यात नमुन्याची आठवण पुढचा अर्धा तास कोणालाच राहिली नाही.

वहिनींनी सगळ्यात जुनी ध्वनिफीत लावली, बुधवारची. आधी त्यांचं "हॅलो" आलं. स्वच्छ, खणखणीत, मागे घरघर नाही. अक्कांनी टाळी वाजवली. मग सात नंबरचा प्रश्न आणि 'यंत्रात दोष आहे' हे उत्तर आलं, बेल वाजली, वहिनींची पावलं लांब गेली आणि दार उघडलं. लाल बटण बंद न करताच त्या जिन्यात गेल्या होत्या. मग, अगदी माइकजवळून, अधीक्षक बोलायला लागले.

"हॅलो. मीच बोलतोय. ... अहो, कळतंय मला, मीच लिहिलं तसं. चूक माझीच आहे. पण शुद्धिपत्रक मागू नका हो."

खोलीतल्या अधीक्षकांनी पुढे हात केला. वहिनींनी तो मधल्या मध्ये अडवला.

"... नाही, ते शक्य नाही. आणि घरात तर कळताच कामा नये. ... आवाज हवाच आहे हो. तिचाच तर हवाय. ... काय सांगू तुम्हाला. रोज संध्याकाळी ती अक्कांना फोनवर मालिका सांगते. मी टीव्हीकडे पाठ करून बसतो. ... अहो, रागानं नाही. मालिका बघितली की मजा जाते. ती सांगते त्यात जास्त दिसतं. पेपर धरतो तोंडासमोर, एकच पान, तासभर. ... छे, तिला कुठं माहिती. असं काय सांगायचं असतं का?"

पुढे दुकानदाराच्या बाजूची खुरखुर होती, मग फोन ठेवल्याचा आवाज, मग जिन्यातून अक्कांचं बोलणं जवळ येऊ लागलं. वहिनींनी बटण दाबलं. शूटिंगवाले छताकडे बघत होते. दुकानदार चकत्या मोजत होता, तीनच होत्या तरी.

"म्हणजे तो पेपर," वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. "दोन वर्षं मला वाटतंय, तुम्हाला माझ्या बडबडीचा त्रास होतो. मी हळू बोलायचे हो. अक्का ओरडायची, मोठ्यानं बोल म्हणून."

"मला पण ऐकू यायचं नाही मग," अधीक्षक म्हणाले. "पुढे सरकायचो खुर्ची घेऊन."

"मग सांगायचं ना."

"कळवायचं राहून गेलं."

खुर्चीतून अक्का म्हणाल्या, "अगं, ते आत्ता काय करताहेत? इथे सगळे गप्प झालात. मला कसं कळणार? सांग की."

वहिनींनी घसा साफ केला आणि संस्थेला पाठवायच्या आवाजात, एकेक शब्द वेगळा ठेवत, त्या सांगायला लागल्या. "एक गृहस्थ. साठीचे. कपाटाला टेकून उभे आहेत. कपाटाचं दार उघडलं. आत बघितलं. बहुतेक जागा आहे का ते पाहताहेत. दार लावलं. कान लाल झालेत, डावा जास्त. हातात घडी घातलेला कागद आहे, तो पाठीमागे नेला."

"कसला कागद?"

वहिनींनी अधीक्षकांच्या मुठीतून कागद काढून घेतला. अधीक्षकांनी फारसा जोर केला नाही. वहिनींनी तो सगळा वाचून दाखवला, मथळ्यापासून दिलगिरीपर्यंत, आणि 'अन्य आवाज अवश्य यावा' ही ओळ दोनदा वाचली.

"चेहरा कसा आहे?" अक्कांनी विचारलं.

"खाली घातलाय. आता वर केला. माझ्याकडे बघताहेत. चष्मा काढला, शर्टाला पुसला, उलटा घातला. काढून पुन्हा नीट घातला."

"छान दिसताहेत का गं?"

"ते मत झालं, अक्का. आम्हाला नुसतं दिसतं तेवढंच सांगायचं असतं. मत घालायचं नाही."

"बरं बाई. मग दिसतं ते सांग."

वहिनी अधीक्षकांकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसताहेत."